जार फायलीतला प्रोग्रॅम कमांड लाइनवरून चालवताना

आमचा प्रोग्रॅम तुमच्या हाती येतो तो एकाच .जार फायलीत. ही फाइल म्हणजे मुळात झिपच. आत जावाचे क्लास असतात आणि मॅनिफेस्ट नावाची एक छोटी फाइल असते. सुरुवात कोणत्या क्लासपासून करायची, ते तिच्यात लिहिलेलं असतं. विंडोजवर डबल-क्लिक केलंत तर बहुतेक वेळा प्रोग्रॅम कन्सोलशिवाय चालतो. मग त्याने छापलेला मजकूरही दिसत नाही आणि चूक झाली तर तीही कळत नाही. म्हणून आम्ही कमांड लाइनच सुचवतो.

(खालच्या कमांड इथे देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीच हवेत.)

जावा -एक्सएमएक्स२जी -जार अहवाल.जार विक्री.सीएसव्ही

इथे क्रम महत्त्वाचा. जावासाठीच्या सूचना फायलीच्या नावाआधी द्यायच्या, प्रोग्रॅमसाठीच्या नंतर. मेमरीची मर्यादा (वरच्या कमांडमधलं -एक्सएमएक्स२जी, म्हणजे २ जीबी) शेवटी लिहिलीत तर जावा ती जशीच्या तशी प्रोग्रॅमच्या हवाली करतो आणि मेमरी आहे तेवढीच राहते. मर्यादा दिलीच नाही तर साधारणपणे यंत्राच्या एकूण मेमरीचा पाव हिस्सा धरला जातो; रोजच्या कामाला तो पुरतो. आणखी एक: -जार वापरलंत की -सीपी देऊन जोडलेल्या लायब्ररींकडे जावा ढुंकूनही पाहत नाही.

रोज एवढं टाइप करणं कंटाळवाणं आहे, आणि त्याची गरजही नाही. लिनक्स किंवा मॅकवर ‘अहवाल’ नावाची दोन ओळींची स्क्रिप्ट करा:

#!/बिन/एसएच
एक्झेक जावा -जार "$होम/प्रोग्रॅम/अहवाल.जार" "$@"

‘होम’ मोठ्या लिपीत लिहा, बाकी लहान. मग सीएचमॉड +एक्स अहवाल ही कमांड द्या आणि स्क्रिप्ट पाथमधल्या (कमांड ज्या फोल्डरांत शोधल्या जातात त्यांच्या यादीतल्या) एखाद्या फोल्डरमध्ये ठेवा. आता कुठल्याही फोल्डरमधून नुसतं ‘अहवाल विक्री.सीएसव्ही’ म्हटलं की झालं.

शेवटच्या "$@" भोवतीची अवतरणचिन्हं काढू नका. ती नसली तर ‘मार्च विक्री.सीएसव्ही’ या एका फायलीची दोन नावं होतात आणि फाइल सापडत नाही अशी तक्रार येते. एक्झेकमुळे शेलची, म्हणजे स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमची, जागा जावाच घेतो, त्यामुळे थांबण्याचा सिग्नल थेट प्रोग्रॅमला मिळतो. स्क्रिप्ट विंडोजच्या एडिटरमध्ये लिहून आणलीत तर ओळींच्या शेवटी जादा अदृश्य चिन्ह राहू शकतं. तसं झालं की स्क्रिप्ट डोळ्यांना बरोबर दिसते, पण चालत नाही.

विंडोजवर जार फायलीशेजारी अहवाल.बॅट ठेवा आणि तो फोल्डर पाथमध्ये घाला:

@इको ऑफ
जावा -जार "%~डीपी०अहवाल.जार" %*

%~डीपी० म्हणजे बॅट फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे तो फोल्डर. उद्या अख्खा फोल्डर हलवलात तर फक्त पाथ बदलावा लागेल, बॅट फायलीला हात लावायला नको.

क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप, चालवणार असाल तर स्क्रिप्टमध्ये जावाचं नाव फोल्डरसकट पूर्ण लिहा. क्रॉनचा पाथ फार तोकडा असतो. हाताने चालणारी गोष्ट रात्री चालत नाही, त्याचं कारण बहुधा हेच निघतं.

‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन’ अशी चूक आली तर प्रोग्रॅम नव्या जावासाठी बांधलेला आहे आणि तुमच्याकडे जुना चालतोय. संदेशातल्या क्लास फायलीच्या आकड्यातून ४४ वजा करा: ५२ म्हणजे जावा ८, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. दोन जावा बसवलेले असतील तर पाथमध्ये जो आधी येतो तोच चालतो. नवा बसवूनही तीच चूक येत राहिली तर आधी पाथ तपासा.

एवढं करूनही अडलं तर आम्हाला ‘जावा -व्हर्जन’ने छापलेला मजकूर, तुम्ही दिलेली कमांड आणि चूक दाखवणारा संदेश पहिल्या ओळीपासून पाठवा. स्क्रीनचा फोटो नको, मजकूरच कॉपी करून पाठवा.