इटालियन भाषांतरासाठी ‘फ्लो’ हा शब्द पाठवताना: आमच्या ग्राहकांसाठी माहिती

आमच्याकडे इटालियन भाषांतरासाठी पंपांची तपशीलपत्रके, कंपन्यांचे वार्षिक हिशेब आणि नोकरीच्या व्हिसाची कागदपत्रे नेहमी येतात. या तिन्हींत ‘फ्लो’ हा शब्द असतोच, आणि शब्दकोशात ‘फ्लुस्सो’ दिलेले असताना आम्ही ठिकठिकाणी वेगळा शब्द का वापरतो, हा प्रश्न ग्राहक वारंवार विचारतात.

धरणातून सोडलेल्या पाण्याचा आकडा क्युसेकमध्ये देताना आपण ‘विसर्ग’ म्हणतो, नदीच्या वाहण्याला ‘प्रवाह’ म्हणतो आणि सहज वाचता येणाऱ्या लिखाणाला ‘ओघवते’ म्हणतो. इटालियनमध्येही तसेच आहे. पंपातून तासाला किती घनमीटर पाणी जाते, त्या मापाला ‘पोर्ताता’ म्हणतात, तर ‘फ्लुस्सो’ हा शब्द वाहण्याच्या क्रियेसाठी आणि भौतिकशास्त्रात चुंबकीय अभिवाहासारख्या (मॅग्नेटिक फ्लक्स) राशींसाठी येतो. पंपाच्या नेमप्लेटवर आकड्याशेजारी ‘फ्लुस्सो’ छापले, तर तिथला अभियंता अर्थ लावून घेईल, पण मजकूर जाणकाराने पाहिलेला नाही हेही त्याला कळेल. गॅलिलिओचे शिष्य बेनेदेत्तो कास्तेल्ली यांनी वाहत्या पाण्याच्या मापनाची तत्त्वे १६२८ मध्येच मांडली होती. त्या देशात हा शब्द चुकलेला खपत नाही. उलट दिशेनेही जपावे लागते, कारण क्रेनच्या पाटीवरची ‘पोर्ताता’ म्हणजे उचलता येणारे वजन आणि जेवणातली ‘पोर्ताता’ म्हणजे एकामागून एक येणाऱ्या पदार्थांपैकी एक.

हिशेबात कॅश फ्लोला ‘फ्लुस्सो दी कास्सा’ म्हणतात, पण कॅश फ्लोचे विवरणपत्र मात्र ‘रेन्दिकोन्तो फिनान्त्सियारियो’ या नावाने जाते. २०१६ च्या आर्थिक वर्षापासून ते छोट्या कंपन्या वगळता इतरांना कायद्याने बंधनकारक आहे. व्हिसाच्या कागदांतला ‘देक्रेतो फ्लुस्सी’ हा युरोपीय संघाबाहेरील किती कामगारांना इटलीत प्रवेश द्यायचा ते ठरवणारा सरकारी आदेश असून त्याचा पैशांशी संबंध नाही. रोजच्या बोलण्यात वाहतूक सुरळीत असली किंवा भाषा ओघवती असली, तर दोन्हींना ‘स्कोर्रेव्होले’ म्हणतात.

सर्वाधिक वेळ जातो तो एकाच चुकीमुळे: एक्सेलमध्ये नुसत्या शब्दांची यादी येते आणि ‘फ्लो’ कशाचा, हे कुठेच लिहिलेले नसते. एका ग्राहकाच्या अशा यादीचे काम आम्हाला दोनदा करावे लागले, कारण त्यातील निम्म्या ओळी पंपाच्या आणि निम्म्या कार्यपद्धतीच्या आराखड्याच्या (फ्लोचार्टच्या) होत्या. म्हणूनच काम हाती घेण्यापूर्वी आम्ही प्रश्न पाठवतो. त्यात एखादा दिवस जातो हे आम्हाला मान्य आहे, परंतु छापून झालेले माहितीपत्रक परत मागवण्यापेक्षा तो दिवस स्वस्त पडतो, आणि या प्रश्नांचे वेगळे शुल्क आम्ही आकारत नाही.

यादीसोबत मूळ पानाचा किंवा नेमप्लेटचा फोटो जोडावा, आकड्यापुढचे एकक तसेच ठेवावे आणि यंत्राने केलेले भाषांतर असल्यास ते मूळ मजकुराच्या जागी न पाठवता सोबत पाठवावे. ठरलेले शब्द आम्ही त्या त्या ग्राहकाच्या नावाने जपून ठेवतो. पुढच्या कामात ते पुन्हा विचारावे लागत नाहीत.