केनियातले शालेय पर्यावरण उपक्रम
शाळेच्या आवारात रोपवाटिका करणं, झाडं लावून जगवणं, वन्यजीव क्लब चालवणं असे केनियातले उपक्रम. सुरुवात नक्की कुठून धरायची यावर एकमत नाही. काहीजण थेट १९२२ पर्यंत मागे जातात, तेव्हा रिचर्ड सेंट बार्ब बेकर या ब्रिटिश वनाधिकाऱ्याने किकुयू लोकांना हाताशी धरून 'मेन ऑफ द ट्रीज' ही झाडं लावणारी संस्था काढली होती, पण त्यात शाळा कुठेच नाही त्यामुळे हा धागा ओढूनताणून जोडल्यासारखा वाटतो. दुसरं मत केनियातल्याच पर्यावरण कार्यकर्त्या वांगारी माथाईंच्या १९७७ च्या ग्रीन बेल्ट चळवळीचं. शाळांच्या जमिनीवर त्यांनी झाडं लावली हे खरंय, तरी चळवळीचा कणा म्हणजे गावोगावच्या बायका. त्यामानाने वाइल्डलाइफ क्लब्स ऑफ केनिया ही संस्था विद्यार्थ्यांनीच सुरू केलेली, साधारण १९६८ ची, म्हणून मान तिलाच दिलेला बरा. 'कोंबा' हे मासिक तिचंच.

झाडांमध्ये ग्रेव्हिलिया फार दिसतं, म्हणजे आपला सिल्व्हर ओक. मूळचं ऑस्ट्रेलियाचं, पण भराभर वाढतं आणि सरपण, लाकूड दोन्ही देतं. निलगिरीवर मात्र पाणी पिते म्हणून टीका होते, खासकरून ओढ्यानदीकाठी. रोपं बऱ्याचदा दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत वाढवतात, तळाला भोकं पाडून.

खरी गोची वेळापत्रकाची आहे. देशाच्या बऱ्याच भागात पाऊस वर्षातून दोनदा, मार्च ते मे मोठा आणि ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा, आणि शाळांना साधारण एप्रिल, ऑगस्ट नि वर्षअखेरीला सुट्टी, त्यामुळे छोट्या पावसात लावलेलं रोप जरा मूळ धरतंय तोवर पोरं घरी जातात, पुढे जानेवारी-फेब्रुवारीचा कोरडा काळ असतोच आणि कुंपण नसेल तर उरलंसुरलं शेळ्या खातात. किती रोपं लावली हा आकडा मिरवण्यात म्हणूनच फारसा अर्थ नाही, दोन उन्हाळ्यांनंतर किती उभी आहेत ते मोजायला हवं.

२०१० च्या राज्यघटनेत (कलम ६९) किमान दहा टक्के भूभागावर वृक्षाच्छादन असावं असं म्हटलंय. शाळांच्या वृक्षारोपणालाही त्याचा आधार देतात.

किनाऱ्यावर गाझी इथे प्रकार जरा वेगळा. तिथल्या 'मिकोको पामोजा' प्रकल्पात गावकरी खारफुटी राखतात, त्यातून मिळालेले कार्बन क्रेडिट (झाडांनी कार्बन धरून ठेवल्याबद्दल मिळणारी, विकता येणारी प्रमाणपत्रं) विकतात आणि त्या पैशातून गावात पाण्याची सोय आणि शाळेसाठी पुस्तकं वगैरे होतात.