ताफा अर्धा-अर्धा वाटला तरी ताकद तेवढीच राहते का?

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या गेमिंग ग्रुपांवर फिरणारा जुना सल्ला: अवकाश-साम्राज्याच्या खेळात दहा जहाजं पाच-पाच करून पाठवा, ताकद तेवढीच राहते.

तसं होत नाही. सगळी जहाजं एकाच वेळी मारा करत असतील तर ताकद संख्येच्या वर्गाने वाढते. शत्रूच्या दहांचे १००, तुमच्या पहिल्या पाचांचे २५. उरले ७५, म्हणजे वर्गमूळ काढलं तर साधारण साडेआठ जहाजं. दुसरी तुकडी मागाहून पोचली की आणखी २५ जातात. तुमचा ताफा संपतो, शत्रूची सुमारे सात उरतात.

पडताळायला खेळ सेव्ह करा, एकाच बनावटीची जहाजं लढवा. नेम चुकण्यात नशीब असतं, म्हणून चार-पाच वेळा तरी. एका फटक्यात अनेकांना लागणारी शस्त्रं वगळा. त्यांच्यापुढे गर्दीच महागात पडते.