अंबुरानाच्या पिंपातली रम आणि नागपूरचा उन्हाळा

मळीपासून किंवा उसाच्या रसापासून ऊर्ध्वपातनाने मिळालेली रम पाण्यासारखी रंगहीन असते. मुरलेल्या रमचा सोनेरी रंग आणि गंधाचा मोठा वाटा लाकडी पिंपातून येतो. हे पिंप बहुधा अमेरिकी पांढऱ्या ओकचे असते. बर्बन या अमेरिकी व्हिस्कीसाठी आतून जाळलेले नवे ओकच हवे, असा अमेरिकी कायदा असल्याने एकदा वापरलेली, सुमारे २०० लिटरची पिंपे रम मुरवण्यासाठी कॅरिबियन बेटांवर जातात. ओकच्या लाकडातल्या लिग्निन या घटकापासून व्हॅनिलाचा, तर ओक लॅक्टोन या संयुगापासून खोबऱ्याचा गंध मिळतो.

अंबुराना हा दक्षिण अमेरिकेतला शेंगावर्गीय वृक्ष. उसाच्या रसापासून होणारी काशासा ही ब्राझीलची दारू त्याच्या पिंपांत मुरवण्याची तिथे जुनी प्रथा आहे आणि आता काही रमही त्यात ठेवल्या जातात. या लाकडात कूमारिन असते. १८२० मध्ये टोंका या दक्षिण अमेरिकी झाडाच्या बियांतून वेगळे केलेले हे संयुग ताज्या कापलेल्या गवताच्या गोड वासाला कारणीभूत आहे आणि नागपूरच्या इतवारी बाजारात दालचिनी म्हणून मिळणाऱ्या जाड सालीच्या कॅशियातही ते असते. म्हणून अशा रमचा पहिला वास मसाल्याच्या डब्याकडे नेतो. हा गंध इतका प्रबळ असतो की, माझ्या मते, ओकमध्ये मुरलेली रम अंबुरानात थोडाच काळ ठेवणे योग्य. अन्यथा उसाचा मूळ स्वाद पार झाकला जातो.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा चव घेताना विशेष काळजी हवी. तापलेल्या खोलीत मद्यार्काची वाफ वेगाने उठते, नाकाला झोंबते आणि नाजूक गंध हरवतात. कूलरसमोर बसणेही टाळावे, कारण वाळ्याचा सुगंध कितीही प्रिय असला तरी तो रमच्या गंधात मिसळतो. बर्फाने मद्यार्काचा झोंबणारा वास कमी होतो, पण त्याबरोबर कूमारिनसारखी संथपणे उडणारी संयुगेही दबतात. त्यापेक्षा साध्या पाण्याचे काही थेंब घालणे उत्तम. स्वीडनमधील लिनियस विद्यापीठातील ब्योर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रारूपांतून दाखवले की, मद्यार्काचे प्रमाण सुमारे ४५ टक्क्यांपर्यंत असताना ग्वायाकॉल हा धुरकट गंधाचा रेणू द्रवाच्या पृष्ठभागाजवळ राहतो, तर सुमारे ५९ टक्क्यांहून तीव्र मिश्रणात मद्यार्काचे रेणू त्याला वेढून आत ओढतात. जळलेल्या लाकडातूनही ग्वायाकॉल मिळते. त्यामुळे पिंपातून काढून पाणी न मिसळता, त्याच तीव्रतेने बाटलीत भरलेल्या रममध्ये पाणी घातल्यावर धुरकट छटा वर येण्याची शक्यता वाढते.