माऊस-कीबोर्डमधली मेमरी आणि सुरक्षा

माऊस किंवा कीबोर्डच्या आतल्या चिपमध्ये साठवलेला मजकूर बाहेरून बदलता येत असल्यामुळे उद्भवणारे धोके. ही मेमरी दोन कामांची असते. एका भागात वापरणाऱ्याने ठरवलेल्या गोष्टी राहतात : बटणांची कामे, दिव्यांचे रंग, मॅक्रो (एका बटणावर साठवलेली कळांची मालिका). दुसऱ्यात फर्मवेअर, म्हणजे ते उपकरण चालवणारा मूळ प्रोग्रॅम. पहिल्यातून माहिती फुटते. दुसरा बदलला गेला तर उपकरणच फितूर होते.

पहिला धोका साधा आहे, म्हणूनच दुर्लक्षित. नागपुरात सीताबर्डीवरून कुणी जुना गेमिंग माऊस घेतला, तर आधीच्या मालकाचा मॅक्रो त्यात तसाच असू शकतो. नोटपॅड उघडून बाजूचे बटण दाबावे, अक्षरे आपोआप उमटतात. रोज पासवर्ड टाकायच्या कंटाळ्याने कुणी तो बटणावर बसवला असेल, तर माऊससोबत पासवर्डही विकला गेला. संगणक फॉरमॅट करून उपयोग नाही. तो मजकूर हार्डडिस्कवर नव्हताच.

दुसऱ्या धोक्याचे मूळ यूएसबीच्या रचनेत आहे. जोडलेले उपकरण स्वतःची ओळख स्वतःच सांगते आणि संगणक ती मान्य करतो. ‘मी कीबोर्ड आहे’ म्हणणाऱ्याकडे कुणी ओळखपत्र मागत नाही. त्यानंतर आलेली प्रत्येक कळ समोर बसलेल्या माणसानेच दाबली असे धरले जाते. आज्ञा लिहायची चौकट उघडणाऱ्या विंडोज आणि आर या कळा, मागोमाग एक आज्ञा, एंटर : बदललेल्या फर्मवेअरला एवढे काही क्षणांत जमते. अँटीव्हायरस फायली तपासतो, कीबोर्डच्या पोटातली चिप नाही.

सुरक्षा संशोधक के. चेन यांनी २००९ मध्ये अ‍ॅपलच्या अ‍ॅल्युमिनियम कीबोर्डचे फर्मवेअर बदलून दाखवले. त्यात जेमतेम ८ केबी फ्लॅश (कायम टिकणारी मेमरी) आणि २५६ बाइट रॅम (तात्पुरती मेमरी) होती; दाबलेल्या कळा टिपायला तेवढी पुरली. २०१४ मध्ये कार्स्टन नोल व याकोब लेल या संशोधकांनी ‘बॅडयूएसबी’ मांडले : पेनड्राइव्हचे फर्मवेअर बदलले की तोच कीबोर्ड असल्याचे सोंग घेतो.

मग या मेमरीत बदल करणे कायमचे बंदच का करू नये? याचे उत्तर २०१६ च्या ‘माऊसजॅक’ प्रकरणात सापडते. अनेक वायरलेस माऊसचे रिसीव्हर सांकेतिक रूपात न आलेल्या कळाही स्वीकारत होते, त्यामुळे दुरून संगणकावर टाइप करणे शक्य होते. ज्या रिसीव्हरमध्ये नवे फर्मवेअर घालता येत होते, त्यांपैकी काहींसाठी दुरुस्ती आली. ज्यांची मेमरी एकदाच लिहिण्याची होती ते तसेच सदोष राहिले. त्यामुळे मधला मार्ग म्हणून कंपनीची डिजिटल सही असलेलेच फर्मवेअर स्वीकारणारी चिप वापरतात. स्वस्तातल्या मालात ती असेलच असे नाही.

लिनक्स या संगणकप्रणालीवर यूएसबीगार्डसारखी साधने अनोळखी उपकरण अडवतात. मात्र कंपनीचा आणि मॉडेलचा क्रमांक उपकरणच कळवते, त्यामुळे तोही खोटा सांगता येतो. टायपिंग इन्स्टिट्यूट किंवा सेतू केंद्रात, जिथे दिवसभर अनेक हात एकाच कीबोर्डवर फिरतात, तिथे मोकळे पोर्ट आणि सहज निघणारी वायर हाच खरा कच्चा दुवा. घरगुती वापरात फर्मवेअरचा हल्ला विरळाच. बटणावरचा पासवर्ड अधिक संभवतो. विकण्यापूर्वी कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून माऊस मूळ स्थितीत आणला की तो पासवर्ड पुसला जातो. फर्मवेअर मात्र त्याने तपासले जात नाही.