कार्डिओग्राम नॉर्मल आला, पण काढला कधी होता?

रात्री छातीत कळ येते, दरदरून घाम सुटतो. जवळच्या दवाखान्यात कार्डिओग्राम निघतो, नॉर्मल येतो आणि ‘पित्त असेल’ म्हणत माणूस घरी परततो. तिथेच घात होऊ शकतो. हार्ट अटॅक ओळखण्यासाठी ईसीजी (म्हणजेच कार्डिओग्राम) आणि ट्रॉपोनिन ही रक्ताची चाचणी अशा दोन तपासण्या होतात. अनेकांना वाटतं, एक झाली की दुसरीची गरज नाही. पण दोन्ही वेगवेगळ्या गोष्टी दाखवतात, आणि वेगवेगळ्या वेळी.

ईसीजी म्हणजे हृदयातल्या विद्युतप्रवाहाचा आलेख. नेहमीच्या पट्टीवर जेमतेम 10 सेकंदांची नोंद असते. मोठी रक्तवाहिनी पूर्ण बंद झाली की आलेखातला एसटी हा भाग बहुधा काही मिनिटांतच वर उचलला जातो. अशा अटॅकलाच डॉक्टर ‘स्टेमी’ म्हणतात. म्हणून छातीत दुखणारा रुग्ण आला की 10 मिनिटांच्या आत ईसीजी काढायचा असतो. पट्टीवर स्टेमी स्पष्ट दिसत असेल, तर रक्ताच्या रिपोर्टसाठी थांबायचं नाही. रुग्णालयात पोहोचल्यापासून 90 मिनिटांच्या आत ॲन्जिओप्लास्टी, म्हणजे बंद वाहिनी फुग्याने उघडणं, हे उद्दिष्ट असतं. ती वेळेत होण्यासारखी नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात. ‘आधी रिपोर्ट येऊ द्या’ असा आग्रह नातेवाइकांनी कृपा करून धरू नये. तेवढ्या वेळात स्नायू मरत असतो.

पण वाहिनी अर्धवट बंद असेल, तर पट्टी अगदी स्वच्छही येऊ शकते. हृदयाच्या मागच्या भिंतीचा अटॅक नेहमीच्या बारा लीडमध्ये (अंगाला लावलेल्या तारांतून मिळणाऱ्या नोंदींमध्ये) निसटू शकतो. तेव्हा पाठीवर जादा लीड लावावी लागतात. अशा वेळी ट्रॉपोनिन कामी येतं.

बोलताना आपण ‘एन्झाइम टेस्ट’ म्हणतो, पण ट्रॉपोनिन हे एन्झाइम नाही, हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन आहे. पेशींना इजा झाली की ते रक्तात झिरपतं, आणि झिरपायला वेळ लागतो. जुन्या पद्धतीच्या चाचणीत ते दिसायला साधारण 3 ते 6 तास जातात. दुखायला लागल्यावर तासाभरात केलेली चाचणी निगेटिव्ह आली, तर तिच्यावर विसंबता येत नाही. नव्या अतिसंवेदनशील चाचणीत ते लवकर कळतं, तरी बहुतेकदा 1 ते 3 तासांनी पुन्हा रक्त घेतात. आकडा चढतोय का, हे महत्त्वाचं. कारण किडनीचा जुना आजार, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, फुप्फुसातली गुठळी यांतही ट्रॉपोनिन वाढलेलं असतं.

एकदा वाढलं की ते आठवडा-दोन आठवडे टिकतं. त्यामुळे चार दिवस अंगावर काढून आलेल्या माणसाचा अटॅकही त्यात सापडतो. सीके-एमबी हे खरं एन्झाइम मात्र दोन-तीन दिवसांत उतरतं. म्हणून पहिल्या अटॅकनंतर लगेच दुसरा आला का, हे पाहायला ते वापरलं जायचं.

डॉक्टरांना दुखणं नेमकं किती वाजता सुरू झालं ते सांगा, आणि दुसरा ईसीजी व दुसरं ट्रॉपोनिन कधी करणार ते विचारा. मधुमेहींना छातीत न दुखता नुसता दम लागू शकतो, तोही सांगा. शिवाय दोन्ही तपासण्या नॉर्मल असूनही अनस्टेबल अंजायना असू शकतो: स्नायू अजून मेलेला नसतो, पण वाहिनी बंद पडण्याच्या बेतात असते. बसल्याजागी कळ पुन्हा पुन्हा येत असेल, तर हातात नॉर्मल रिपोर्ट असला तरी 108 ला फोन करा.