चंचल मूल आणि एडीएचडी: बालवाडीच्या वयात फरक कसा ओळखायचा?

बालवाडीच्या बाई निरोप देतात, "तुमचा मुलगा एका जागी बसत नाही, एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या." घरी आजी म्हणते, "ह्याचा बाप बी असाच होता की! शाळंत गेल्यावर झाला गप." सोलापुरात लहान मुलांना शिकवताना ही दोन्ही वाक्यं मी एकाच मुलाबद्दल अनेकदा ऐकली आहेत. मधल्या मधे आई-बाप अडकतात.

दोघींना दिसतं ते एकच असतं. मूल पळतं, हातातलं अर्धवट टाकतं, हाक मारली तरी वळत नाही. बाईंना त्यात एडीएचडी दिसतो, म्हणजे लक्ष टिकवता न येणं आणि वयाच्या मानाने फार जास्त अस्वस्थपणा. आजीला दिसते वयाची चंचलता.

मूल किती पळतं यावरून हा फरक ठरत नाही. साडेतीन वर्षांचं मूल सांगितलेल्या कामात पाच-दहा मिनिटं रमलं तरी पुष्कळ. पाहायचं असतं ते कुठे, किती दिवस आणि कशाला अडतंय. वयाची चंचलता जागेप्रमाणे बदलते. वर्गात टेबलाखाली शिरणारं मूल आत्याकडे गोष्ट ऐकताना मांडीवर शांत बसतं, गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यासाठी रांगेत थोडं तरी थांबतं. एडीएचडीत त्रास घर, शाळा, पाहुण्यांचं घर असा एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसतो, किमान ६ महिने राहतो आणि मुलाचं रोजचं जगणं अडवतो: खेळात कुणी घेत नाही, जेवण पुरं होत नाही, सतत इजा होतात.

आजीच्या वाक्याबद्दल एक सांगायलाच हवं. एडीएचडीत अनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. त्यामुळे "बाप असाच होता" हे ऐकून निश्चिंत होऊ नये. डॉक्टरांना ते आवर्जून सांगावं.

दुसरा गोंधळ मोबाईलचा. "तासभर व्हिडिओ बघतो, मग लक्ष नाही कसं?" पडद्यावर दर काही क्षणांनी नवं चित्र येतं, तिथे लक्ष ओढलं जातं. अडचण असते ती कंटाळवाण्या कामावर आपणहून लक्ष ठेवण्यात. म्हणून मोबाईलवर बसतो यावरून दोन्हीपैकी काहीच सिद्ध होत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की आपली मुलं संध्याकाळपर्यंत घरात कोंडलेली असतात आणि हातात मोबाईल येतो, हे मला कळतं. तरी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ३-४ वर्षांच्या मुलांसाठी पडद्याची मर्यादा दिवसाला जास्तीत जास्त १ तास सांगितली आहे, आणि झोप १० ते १३ तास. लहान मूल झोप अपुरी झाली की पेंगतंच असं नाही, उलट जास्त धावतं.

आपल्या शहरात मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती भाषेची. पूर्व भागात कितीतरी घरांत तेलुगू बोलतात, अक्कलकोटकडच्या कुटुंबांत कन्नड. ते मूल जूनमध्ये मराठी किंवा इंग्रजी वर्गात बसतं. "वह्या काढा" म्हटल्यावर ते खिडकीकडे पाहतं, कारण त्याला शब्दच कळलेला नसतो. हीच सूचना घरच्या भाषेत देऊन पाहा. पटकन केलं, तर प्रश्न बहुधा लक्षाचा नाही. तसंच कानाचं. वारंवार सर्दी झाली की कानाच्या पडद्यामागे पाणी साठू शकतं आणि कित्येक आठवडे कमी ऐकू येतं. हाकेला न वळणाऱ्या मुलाचे कान आधी तपासावेत. तोंडाने श्वास घेणं, रात्री घोरणं हेही डॉक्टरांना सांगावं. आणि वर्गातलं सगळ्यात लहान मूल शेजारच्यापेक्षा दहा-अकरा महिन्यांनी लहान असू शकतं, हे बाईंनीही ध्यानात ठेवायला हवं.

मग करायचं काय? इथे एक दिलासा आहे. खरोखर एडीएचडी निघाला तरी या वयात सुरुवात गोळीने होत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनात ४ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी पहिला उपचार म्हणून पालकांचं वर्तन-प्रशिक्षण सांगितलं आहे. त्याने पुरेसा फरक पडला नाही आणि त्रास बराच राहिला, तरच औषधाचा विचार. त्यातल्या गोष्टी चंचल मुलालाही उपयोगी पडतात, म्हणून निदानाची वाट न पाहता सुरू करा. लांबून ओरडण्याऐवजी जवळ बसून, डोळ्यांत पाहून, एका वेळी एकच सूचना. ऐकलं की लगेच नेमकी शाबासकी: "चप्पल जागेवर ठेवलीस, छान." जेवण-झोपेची वेळ ठरलेली. खेळ थांबवण्याआधी पाच मिनिटं सूचना. मारणं अजिबात नाही. मार खाऊन लक्ष टिकवायला शिकत नाही कुणी.

थांबू नये अशा वेळाही आहेत: मूल पुन्हा पुन्हा रस्त्यावर धावतं, नावाने हाक मारली तरी बघत नाही, बोलणं मागे आहे, किंवा आधी येत होतं ते विसरलं. तेव्हा थेट बालरोगतज्ज्ञांकडे जा. सिव्हिलमध्येही बालरोग विभाग आहे. अंगणवाडीतल्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं, त्यांनाही सांगा.

जाताना दोन आठवड्यांची वही न्या. "फार मस्ती करतो" एवढंच नको. सोमवार, डबा खाताना तीनदा उठला. मंगळवार, मातीत वीस मिनिटं खेळला. शेजारी बाईंचंही एक पान असू द्या, त्याच दिवसांचं.